वीरगळ : बारामती व इंदापूर परिसर

वीरगळ : लढाईत किंवा गोधनाच्या रक्षणार्थ मरण पावलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेली कोरीव शिळा. मूळ शब्द कन्नड असून ‘कल्लु’ म्हणजे दगड. महाराष्ट्रातील पुष्कळसे वीरगळ शिलाहार–यादव काळातील आहेत. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील बारामती व इंदापूर हे तालुके अवर्षणप्रवण असून नीरा व भीमा यांच्या खोऱ्यांत वसले आहेत. या मेंढपाळी मुलुखात जनावरे हीच संपत्ती असल्याने त्यांच्या अपहरणावरून झालेल्या चकमकीही वीरगळांचा विषय झाल्या.

काळ्या पाषाणाच्या या शिळेवर सामान्यतः तीन-चार चौकटी असतात व त्या खालून वर पाहावयाच्या असतात. तळाच्या चौकटीत लढाई वा आडवा पडलेला वीर. काही ठिकाणी शेजारी गुरेही दिसतात. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गास नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य असतात : कीर्ती आचंद्रसूर्य टिकावी, हा त्यांचा अर्थ. मात्र ज्याची कीर्ती टिकवावयाची, त्याचे नाव बहुधा कोरलेले नसते. कर्नाटकातील वीरगळांवर लेख पुष्कळ आढळतात. महाराष्ट्रात ते विरळा. गावाला माणूस ठाऊक होता, तोवर नावाची गरज भासली नसावी.

त्यामुळे शिळेची जागा हाच तिचा मोठा पुरावा ठरतो. कोणत्या देवळापुढे, कोणत्या शिवेवर ती उभी आहे, यावरूनच काही अनुमान करता येते. ती उचलून पायरीला वा भिंतीत बसविली, की हा पुरावा नष्ट होतो. शेंदूर लावून देव म्हणून पुजलेले वीरगळ त्या मानाने सुदैवी होत.

बारामती तालुक्यातील लोणी भापकर येथे देवळाच्या आवारात वीरगळ आहेत. इंदापूर तालुक्यातील पळसदेव येथील पळसनाथ मंदिराजवळ वीरगळ व सतीशिळा होत्या. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयात जुने गाव बुडाले व वस्ती पुणे–सोलापूर मार्गालगत हलविण्यात आली. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत पडले असे मानतात. त्यांचे नाव इतिहासाने राखले. पहिल्या महायुद्धानंतर (१९१४–१८) भरतीच्या जिल्ह्यांतील अनेक गावांत सरकारने फलक बसविले. त्यांवर गेलेल्यांची व मेलेल्यांची संख्या आहे, नावे बहुधा नाहीत. पळसदेवला तर संख्याही कोरलेली नाही. पाणी फार ओसरलेल्या उन्हाळ्यात मंदिर उघडे पडते, तेव्हा लोक तेथे जातात.