खिडकीतून दिसतं काय?

माझ्या थोरल्या बहिणीला आम्ही सगळे आक्का म्हणतो. लग्न झाल्यापासून ती लालबागच्या एका चाळीत राहिली. दहा बाय बाराची खोली, बाहेर सामायिक गॅलरी, टोकाला संडास. अशी पंचेचाळीस वर्षं गेली. २०११ साली चाळीचा पुनर्विकास पूर्ण झाला आणि सगळ्या भाडेकरूंना लिफ्टच्या इमारतीत, घरात नळ आणि घरातच संडास असलेल्या जागा मिळाल्या. पेढे वाटले गेले. सहा महिन्यांनी मी भेटायला गेलो, तेव्हा बाहेर मुसळधार पाऊस होता. चहाचं आधण ठेवता ठेवता आक्का म्हणाली, "बापू, इथे पाऊस ऐकू येतो रे, दिसत नाही."

मी उठून खिडकीशी गेलो. समोर विक्रीच्या टॉवरच्या वाहनतळाची भिंत होती. डावीकडे भिंत, उजवीकडे भिंत. खिडकीतून डोकं बाहेर काढून मान वर केली, तेव्हा कुठे बोटभर आभाळ दिसलं.

आक्काला तसं काही झालं नव्हतं. रक्तदाब ठीक, साखर ठीक. पण झोप उडाली होती, चिडचीड वाढली होती, दुपारच्या वेळी उगाचच रडू येई. डॉक्टर म्हणाले, वय झालं. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. इतिहासाच्या मास्तरांना एक वाईट खोड असते. कुणी दुखणं सांगितलं की ते औषधाऐवजी सनावळ्या शोधू लागतात. मीही तेच केलं. खिडकीतून काय दिसतं याचा माणसाच्या मनाशी संबंध आहे, हे कुणाच्या आणि कधी लक्षात आलं?

शोधता शोधता आधी भेटली ती फ्लॉरेन्स नाइटिंगेल. क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांची शुश्रूषा करणारी, हातात दिवा घेतलेली बाई म्हणून आपण तिला धड्यातून ओळखतो. तिने १८५९ साली शुश्रूषेवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात स्वच्छता, हवा, अन्न हे सगळं आहेच, पण रोग्याच्या डोळ्यांना रोज तेच ते दिसण्याने होणाऱ्या छळावरही एक प्रकरण आहे. लाकडी झोपडीत पडलेल्या एका रोग्याला खिडकीतून बाहेर पाहता येत नव्हतं, फळ्यांमधल्या गाठी तेवढ्या दिसत. त्याचे हाल तिने लिहून ठेवले आहेत. स्वतः आजारी असताना कुणीतरी रानफुलांचा गुच्छ पाठवला आणि तेव्हापासून प्रकृती भराभर सुधारली, हेही ती सांगते. हा परिणाम नुसता मनावर होतो असं लोक म्हणत. तिला ते मुळीच मान्य नव्हतं. तो शरीरावरही होतो, असं ती ठासून सांगते.

ही बाई हिंदुस्थानात कधी आली नाही, पण इथल्या आरोग्याविषयी ती आयुष्यभर लिहीत राहिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार होता. मात्र सरकारी कागदांतून आपल्याकडे तिची गटारं आली, तिचे झरोके आले. फुलं काही आली नाहीत.

झरोक्यांचं महत्त्व मुंबईला पटलं ते मोठी किंमत मोजून. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. रोग पसरतो कसा ते तेव्हा ठाऊक नव्हतं. उंदरावरच्या पिसवांचा संबंध पुढच्या काही वर्षांत सिद्ध झाला. तोवर सगळा संशय अंधारावर. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांतच रोग मुरतो, असं मानून घरांची कौलं काढली गेली, म्हणजे ऊन आत येईल. माणसांनी राहण्यास अयोग्य अशा अर्थाची इंग्रजी आद्याक्षरं, यू.एच.एच., घरांच्या भिंतींवर रंगवली गेली. १८९८ साली कायद्याने मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर बागांसकट नवी वस्ती आखली. माटुंग्याचे पाच बगीचे त्यातलेच. पण पाडलेल्या घरांतली माणसं त्या बगीच्यांत फिरायला गेली नाहीत. ती शेजारच्या चाळींत, आधीच भरलेल्या खोल्यांत शिरली. सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने जितकी माणसं उठवली तितक्यांना घरं दिली नाहीत, हे आता अभ्यासकांनी पुरेसं दाखवून दिलं आहे.

याच ट्रस्टचे एक अध्यक्ष होते, जे. पी. ऑर. उजेड आणि हवा हा त्यांचा ध्यासच होता. १९१२ च्या सुमारास त्यांनी यावर भाषणं दिली, आकृत्या काढून दाखवल्या. त्यांनी लावून धरलेला नियम साडेत्रेसष्ट अंशांचा नियम म्हणून ओळखला जातो. तो समजायला अगदी सोपा आहे. तळमजल्याच्या खोलीच्या भिंतीपाशी, पायथ्याला उभं राहायचं. तिथून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेघ ओढायची. ती रेघ जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक चढी असता कामा नये. भूमितीतून त्याचा अर्थ असा निघतो की, समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निदान निम्मी मोकळी जागा मध्ये हवी. चाळीस फुटांची इमारत, तर वीस फूट अंतर.

हा हिशेब क्षयाचा आणि प्लेगचा होता, मनाचा नव्हता. खोलीत उजेड किती येतो ते ऑरसाहेबांनी मोजलं. उजेडाबरोबर नजर बाहेर जाते, तिला काय भेटतं, हा प्रश्न त्यांच्या आकृतीत नाही. तरीपण मला या माणसाविषयी आदर वाटतो. आभाळावर गरिबाचाही हक्क आहे, हे त्याने निदान अंशांत तरी लिहून ठेवलं.

मनाचा हिशेब मांडणारा गृहस्थ त्याच सुमारास हिंदुस्थानात हिंडत होता. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटलंडचा. मूळचा जीवशास्त्रज्ञ, पुढे शहरांचा अभ्यासक झाला. १९१४ साली तो इकडे आला, तेव्हा त्याने जमवलेलं शहरांविषयीचं प्रदर्शन दुसऱ्या जहाजातून येत होतं. ते जहाज जर्मनांच्या एमडेन युद्धनौकेने बुडवलं. गडी डगमगला नाही, नव्याने साहित्य जमवलं. १९१९ मध्ये तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा प्राध्यापक झाला. आपले डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये त्याचेच विद्यार्थी आणि १९२४ नंतर त्याच्या जागेवर आलेले.

पण मला सांगायची आहे ती त्याची इंदूरची गोष्ट. होळकरांच्या या राजधानीत प्लेग ठाण मांडून होता. गेडिसला तिथे नगररचनेसाठी बोलावलं. तो गल्ल्याबोळांतून नकाशे घेऊन फिरू लागला, तशी लोकांत घबराट पसरली. नकाशा घेऊन गोरा साहेब आला म्हणजे घर पडणार, एवढं त्या काळी सगळ्यांना कळून चुकलं होतं. गेडिसने महाराजांकडून एका दिवसापुरता अधिकार मागून घेतला आणि दवंडी पिटली : यंदाच्या दिवाळीला नवी मिरवणूक निघेल आणि ज्या भागातले लोक आपली घरं-अंगणं जास्त स्वच्छ करतील, त्या भागातून ती जाईल. कचरा फुकट उचलला जाईल. हजारो गाड्या कचरा निघाला. भिंती सारवल्या गेल्या, रंगल्या. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा अवाढव्य उंदीर होता आणि त्यामागे स्वच्छ कपड्यांत, गळ्यात हार घातलेले शहराचे सफाई कामगार. शेवटच्या गाडीतून लोकांना तुळशीची रोपं वाटली गेली, छोट्या छोट्या कुंड्यांमधून.

या तुळशीपाशी मी बराच वेळ थांबलो. परक्या मुलखातला हा माणूस, पण आपल्या अंगणातलं वृंदावन पाहून त्याला जे कळलं, ते रस्ते रुंद करणाऱ्यांना कळलं नव्हतं. सगळी वस्ती पाडून सरळ रेघा ओढण्यापेक्षा एखादं पडकं घर काढावं, तिथे झाड लावावं, विहीर साफ करावी, ओटा बांधावा, असं तो सांगे. १९१८ च्या त्याच्या इंदूरच्या अहवालात गटारांबरोबर बागा आहेत आणि बागांबरोबर माणसांची उमेद आहे. गेडिसच्या बऱ्याच सूचना कागदावरच राहिल्या, हेही खरं. आणि तो बोलायचा इतकं, की ऐकणारे दमून जात, असं त्याला ओळखणाऱ्यांनी लिहून ठेवलं आहे.

पुढे पुरावा मागणारा काळ आला. तो पुरावा १९८४ साली मिळाला. अमेरिकेत रॉजर उलरिच नावाच्या अभ्यासकाने पेन्सिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाचे १९७२ ते १९८१ या काळातले कागद तपासले. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले शेहेचाळीस रोगी, वय आणि प्रकृती जुळवून तेवीस जोड्या. प्रत्येक जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून तपकिरी विटांची भिंत. बाकी सगळं सारखं. झाडांना पालवी असते तेवढेच महिने त्याने धरले. झाडंवाले रोगी सरासरीने पाऊण दिवस लवकर घरी गेले, त्यांना वेदनांवरची जोरकस औषधं कमी लागली आणि परिचारिकांच्या वहीत त्यांच्याविषयी कुरकुरीच्या नोंदीही कमी होत्या. उलरिच स्वतः लहानपणी मूत्रपिंडाच्या आजाराने अंथरुणाला खिळलेला असताना खिडकीबाहेरच्या एका पाइनकडे पाहत दिवस काढत असे, हे त्याने नंतर सांगितलं आहे.

अभ्यास छोटा, पण गाजला खूप. 'झाडं पाहा, बरे व्हा' असा त्याचा बोभाटा झाला. लोक एक गोष्ट मात्र वाचायची विसरतात. त्याच लेखाच्या शेवटी उलरिचने सावध केलं आहे : माझी तुलना भिंतीशी होती, सगळ्या शहरी दृश्यांशी नव्हती. कंटाळून गेलेल्या रोग्याला गजबजलेला रस्ता झाडांपेक्षाही अधिक गुण देईल, असं होऊ शकतं.

हे वाचलं आणि मला एकदम आक्काची गॅलरी आठवली. तिथे हिरवळ कुठे होती? समोर गिरणीची चिमणी, खाली नळावरची भांडणं, भाजीवाल्याची हातगाडी, गणपतीत रात्रभर ढोलताशे. कठड्याला टांगलेल्या डालड्याच्या डब्यात एक तुळस, बस्स. निसर्ग म्हणावा असा तेवढाच. पण नजर टाकावी तिथे काहीतरी हलत होतं, कुणीतरी वर बघून "काय वैनी, जेवण झालं का?" विचारत होतं. खेड्यातली शांतता चांगली आणि शहराचा गलका वाईट, अशी सोपी वाटणी आपण करतो ती मला म्हणून पटत नाही. झाड काय किंवा रस्ता काय, दोन्ही जिवंत असतात. भिंत नसते.

आणि भिंती तर वाढतच गेल्या. पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेच्या नियमांतून सवलती मिळाल्या. गोवंडी-मानखुर्द भागातल्या पुनर्वसन वसाहतींत डॉक्टरांच्या एका संस्थेने केलेला अभ्यास २०१८ साली पुढे आला. नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड इथे इमारती एकमेकींना खेटून, काही ठिकाणी जेमतेम तीन मीटर अंतरावर. जवळच्याच पीएमजी कॉलनीत त्या मानाने मोकळीक. क्षयाचं प्रमाण दाटीच्या वसाहतींत कितीतरी जास्त आढळलं. ऑरसाहेबांची आकृती तीन मीटरच्या फटीला लावून पाहा. सहा मीटर उंची बसते, म्हणजे दोन मजले. तिथे सात-आठ मजले उभे आहेत. शंभर वर्षांपूर्वी परक्या सरकारने मोजलेला उजेड आपण आपल्याच माणसांना नाकारला. जिथे शरीराचा हिशेब असा गुंडाळून ठेवला, तिथे मनाचा कोण विचारणार?

आक्काच्या घराची खिडकी बदलणं कुणाच्याच हातात नव्हतं. सोसायटीच्या सभेत मी एकदा विषय काढला, तर सेक्रेटरी म्हणाले, "सर, फुकटात जागा मिळाली, आता व्ह्यू पण पाहिजे?" सगळे हसले. आक्काही हसली. मला मात्र तेव्हा काही उत्तर सुचलं नाही.

उपाय तिचा तिनेच काढला. त्या वर्षीच्या दिवाळीनंतर ती रोज संध्याकाळी साडेचारला लिफ्टने खाली उतरू लागली. फाटकाशी वॉचमनची एक जादा खुर्ची असते, ती रस्त्याकडे तोंड करून मांडायची. समोर बसथांबा आहे, त्यामागे पालिकेने लावलेलं एक पर्जन्यवृक्षाचं झाड. वर्षभरात आणखी तीन बायका येऊ लागल्या. मग खुर्च्या अपुऱ्या पडल्या, म्हणून कुणीतरी जुना बाक आणून ठेवला. गेल्या जूनमध्ये पहिला पाऊस आला तेव्हा मी नेमका तिथे होतो. वॉचमन म्हणाला, "आजी, आत चला, भिजाल." आक्काने पाय थोडे आत ओढून घेतले आणि म्हणाली, "थांब रे, बघू दे जरा."