‘मॅरँटिक’ या विशेषणाचा इतिहास

नवजात अर्भकाच्या मेंदूतील नीलांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा विकार एकोणिसाव्या शतकातील वैद्यांस परिचित झाला तो शवविच्छेदनाच्या मेजावर, आणि त्याच्या नामकरणावर या गोष्टीची छाप पडली. रूडोल्फ फिरखो याचे संकलित निबंध १८५६ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘थ्रॉम्बोसिस’ ही संज्ञा आजच्या अर्थाने रूढ झाली ती मुख्यतः त्याच्यामुळे. क्षीण देहात रक्तप्रवाह मंदावून होणाऱ्या गुठळीस त्याने ‘मॅरँटिक’ हे विशेषण लाविले. त्याचे मूळ ‘कोमेजणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूत आहे. (प्रवाहाची मंदता, नलिकाभित्तीची इजा आणि रक्ताची वाढलेली गोठणशीलता ही फिरखोच्या नावाने प्रसिद्ध असलेली कारणत्रयी मात्र उत्तरकालीन लेखकांनी जुळविलेली आहे.)

विशेषण चपखल होते, यात शंका नाही. अतिसाराने सुकलेल्या, टाळू खोल गेलेल्या अर्भकांच्या कवटीत मध्यरेषेतून मागे जाणारी मोठी नीला गुठळीने भरलेली आढळे. आणि शरीरातील पाणी कमी होणे हे या विकाराचे आजही मान्य कारण आहे. परंतु जे मूल कोमेजलेले नाही, त्याच्या ठिकाणीही हा विकार शोधावा असे त्या शब्दातून सुचत नसे. जे अर्भक जगे, त्याला आकडी का आली हे बहुधा अज्ञातच राही.

१९७१ मध्ये लंडन येथे सीटी-यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले गेले. पुढे चुंबकीय प्रतिमांची जोड मिळाली, आणि गुठळी जिवंत मुलात पाहता येऊ लागली. कॅनडात १९९२ पासून झालेल्या व २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १६० मुले होती. त्यांत नवजातांचे प्रमाण सर्वाधिक. ९८ टक्के मुलांत विकारास पोषक असे काही ना काही कारण सापडले. नवजातांच्या बाबतीत अशा कारणांत प्रसूतिसमयीचे गुदमरणे, जंतुसंसर्ग, जन्मजात हृद्रोग यांची गणना होते, आणि एकाच मुलात ती अनेकदा एकत्र येतात. कवटीची हाडे सांधलेली नसल्यामुळे प्रसूतीत नीलेवर दाब येतो, हेही ध्यानात घ्यावे लागते. १९९४ मध्ये लायडन येथे उजेडात आलेल्या रक्तगोठणीच्या आनुवंशिक दोषाला नवजातांत किती महत्त्व द्यावे, याविषयी मात्र एकमत नाही.

‘मॅरँटिक’ हे विशेषण आज मुख्यतः हृदयाच्या झडपांच्या एका विकाराच्या नावात उरले आहे.