यामागुचीचे एक घराणे : आडनाव आणि वारसा

जपानच्या यामागुची प्रांतातील एकाच घराण्यातून तीन पंतप्रधान झाले. परंतु आडनावांवरून त्यांची वंशावळ मांडू पाहणारा अभ्यासक खात्रीने फसेल. नोबुसुके किशी (१९५७-६०) व एइसाकू सातो (१९६४-७२) हे सख्खे बंधू होत. त्यांचे वडील जन्माने किशी. विवाहाबरोबर ते सातो कुळात दत्तक गेले, आणि नोबुसुके पुढे वडिलांच्या मूळ कुळात दत्तक आले. किशींचे दौहित्र शिंझो आबे (१९५४-२०२२) यांचे धाकटे बंधू नोबुओ हेही मातुलगृही दत्तक जाऊन किशी झाले. जपानी भाषेतील ‘इए’ म्हणजे घर. आडनाव त्या घराचे, रक्ताचे नव्हे. दत्तकविधान मराठी वाचकास अपरिचित नाही. जावयासच दत्तक घेणे मात्र त्यास चमत्कारिक वाटेल.

याहून विचारणीय गोष्ट निराळीच आहे. शिंझो आवर्जून वारसा सांगत तो मातामहांचा, म्हणजे तोजो मंत्रिमंडळात मंत्री असलेल्या किशींचा. ज्यांचे आडनाव ते लावीत, ते पितामह कान आबे १९४२ च्या निवडणुकीत सरकारपुरस्कृत यादीबाहेर उभे राहून निवडून आले होते, आणि तोजोंच्या युद्धनीतीचे ते विरोधक होते. शिंझोंचे वडील शिंतारो मात्र स्वतःस किशींचा जावई म्हणवून न घेता कान यांचा पुत्र म्हणवीत असत.