बोरघाटाची वाट आणि ‘रोमन वसाहती’चा प्रश्न

रोमन साम्राज्यांतील राजमार्गांवर पांथस्थांच्या सोयीकरितां लहान लहान वसाहती असत. इंग्लंडांत वॉल या गांवीं, म्हणजे प्राचीन लेटोसेटम येथें, वॉटलिंग स्ट्रीट नामक मार्गालगत पांथशाळा व स्नानगृह यांचे अवशेष उघडकीस आले आहेत. अशी एखादी वसाहत कोंकणची बंदरें व बोरघाट यांमधील वाटेवर होती काय, हा प्रश्न पनवेलनजीक विचुंबे येथें राहणाऱ्या आम्हांस सहजच पडतो. कारण आमच्या एका बाजूस खाडी व दुसऱ्या बाजूस घाट आहे. उपलब्ध साधनांवरून त्याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम शिलालेख घेऊं. घाट चढून गेल्यावर कार्ल्याचें चैत्यगृह लागतें. तेथील कित्येक स्तंभ धेनुकाकटच्या यवनांनीं दिल्याचें त्या स्तंभांवरच कोरलें आहे. जुन्नरास इरिल नामक यवनानें पाण्याचीं दोन टाकीं व चित नामक यवनानें संघास भोजनमंडप दिला. एवढ्यावरून येथें रोमन लोक वसले होते असें अनुमान कित्येक करितात. परंतु कार्ल्याच्या दात्यांचीं नांवें संस्कृतांत सिंहध्वज, यशोवर्धन अशीं होतात, आणि त्यांचें दान बौद्ध संघास आहे. शिवाय यवन हा शब्द मुळांत ग्रीकांचा वाचक होय. तो पाणिनीच्या सूत्रांतही येतो, आणि पाणिनि रोमन व्यापारापूर्वीं कित्येक शतकें होऊन गेला. तेव्हां यवन म्हणजे रोमनच, हें समीकरण टिकत नाहीं.

वाटेवरील विसांव्याचा पुरावा पाहावयाचा तर नाणेघाटीं जावें. कल्याणाहून जुन्नरास जाणाऱ्या या घाटाच्या माथ्याशीं खोदीव लेणें, राणी नागनिकेचा दीर्घ लेख, सातवाहन राजकुलांतील व्यक्तींच्या भग्न मूर्तींवरील नांवें, पाण्याचीं टाकीं, आणि लोक ज्यास जकातीचा रांजण म्हणतात तो दगडी रांजण, इतकें एकत्र आहे. येथें पांथस्थांचा विसांवा होता. पण तो सातवाहनांच्या सत्तेखालीं होता. पेरिप्लस या पहिल्या शतकांतील ग्रीक ग्रंथांत तर कल्याणास आलेलीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भडोचास नेलीं जात असें सांगितलें आहे.

राहिलीं खापरें. पश्चिम हिंदुस्थानांतील कित्येक खापरें पूर्वीं रोमन मद्यकुंभांचीं म्हणून नोंदविलीं गेलीं. रॉबर्टा टॉम्बर या विदुषीनें एकविसाव्या शतकाच्या आरंभीं तीं पुन्हां तपासलीं, तेव्हां त्यांतील पुष्कळ मेसोपोटेमियाकडील कुंभांचीं ठरलीं. त्या कुंभांस कान नसतात व आंतून डांबराचा लेप असतो. उलट इटलींतील कॅम्पानियाच्या कुंभाच्या मातींत ज्वालामुखीची काळी रेती दिसते. कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेकडीवर पोसायडन या सागरदेवतेची कांस्यमूर्ति सांपडली, ती पाश्चात्य बनावटीची खरी. पण मूर्तीबरोबर तिचा उपासकही आला असें नव्हे. माल येणें निराळें, वस्ती होणें निराळें.

तात्पर्य, उपलब्ध पुराव्यानें व्यापार सिद्ध होतो, यवन दाते सिद्ध होतात. बोरघाटाच्या वाटेवर रोमन वसाहत मात्र सिद्ध होत नाहीं. ती सिद्ध व्हावयाची तर घरांचे पाये, चुली व खापरें एकाच थरांत मिळालीं पाहिजेत. आणि हे थर तर झपाट्यानें नाहींसे होत आहेत. विमानतळासाठीं उलव्याची टेकडी सपाट झाली, नदीचा ओघ वळविला गेला. विचुंब्यासही शेतें जाऊन इमारती उठत आहेत. म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, जुनें नाणें वा खापर हातीं आल्यास तें कोणत्या शेतांत, किती खोलीवर, कशाबरोबर मिळालें हें त्याच दिवशीं टिपून ठेवावें. पुष्पिकेचें पान हरवलेल्या पोथीचा काल व लेखक जसा विद्वानांस तर्कानें शोधावा लागतो, तशीच स्थळ हरवलेल्या खापराची गति होते. तें कपाटांत शोभेल. साक्ष मात्र देणार नाहीं.