केर, खत आणि इंदूर पद्धत



मराठीच्या प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी केरकचऱ्यासारखा विषय निवडावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु या विषयाचा एक थोर अध्याय आपल्या इंदुरातच लिहिला गेला. जगाने तो अभ्यासला. आपण मात्र विसरलो.

१९१७ च्या दिवाळीत येथे एक आगळी मिरवणूक निघाली. होळकर दरबाराने बोलावलेले स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस तिचे सूत्रधार होते. शहरावर प्लेगचे सावट होते. जे रस्ते स्वच्छ असतील त्यांवरूनच मिरवणूक जाईल, असे त्यांनी आधीच जाहीर केले. एका मिरवणुकीच्या ओढीने गल्ल्या झाडल्या गेल्या. त्या दिवशी सफाई कामगारांनाही मानाने मिरवणुकीत स्थान मिळाले. पुढच्याच वर्षी दरबारास सादर केलेल्या अहवालात, शहराचा मैला वाया न घालवता त्याने बागा फुलवाव्यात, असा गेडिस यांचा आग्रह दिसतो.

त्यानंतर आले आल्बर्ट हॉवर्ड. १९२४ साली स्थापन झालेल्या येथील वनस्पती-संशोधन संस्थेत १९३१ पर्यंत त्यांनी शेतातील पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून खत करण्याची पद्धत सिद्ध केली. ढीग तीनदा पालटायचा. सुमारे तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत हाती येते. हवा आणि ओलावा यांचा तोल राखणे, एवढेच त्यातले मर्म. जगभर हिला ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. १९३१ साली ती सांगणारा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीने दुसरे नाव आहे, यशवंत वाड. हे मराठी नाव आपल्यापैकी कितीजणांच्या कानांवरून गेले असेल?

हॉवर्ड आणि वाड यांचा धडा घराला जसाच्या तसा लागू पडतो. वस्तू जन्मतः केर नसते; सरमिसळीने ती केर होते. भाजीची देठे वेगळी राहिली तर खत होतात, कागद कोरडा राहिला तर रद्दीच्या भावाने विकला जातो. दोन्ही एका बादलीत पडले की कागद भिजतो, आणि प्लास्टिक मिसळले की खताच्या ढिगातली हवा कोंडते. आपल्या आजीला हे शिकवावे लागले नाही. चुलीच्या राखेने भांडी घासली जात, जुन्या लुगड्यांची गोधडी होई, उरलेले कपडे बोहारणीकडे जात. त्या घरात केर होता, पण थोडा.

आज याच शहरात घरोघरचा केर वेगवेगळा गोळा होतो. देवगुराडिया येथे १९ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झालेल्या प्रकल्पाची क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू व खत करण्याची आहे. पण यंत्र कितीही मोठे असो, निवड स्वयंपाकघरातच व्हावी लागते.

येथे एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी माझ्या घरून फुटलेला काचेचा पेला पालेभाजीच्या देठांबरोबर गेला. दुसऱ्या दिवशी केर नेणाऱ्या बाईंच्या बोटाला चिंधी बांधलेली दिसली. त्या काही बोलल्या नाहीत. मीही विचारले नाही. ते न विचारणे आजही सलते.

तेव्हापासून आमच्या घरी तीन डबे आहेत. ओल्या केराचे पाणी निथळून तो भोके पाडलेल्या माठात जातो. वर वाळका पाला आणि मूठभर माती, आठवड्यातून एकदा वरखाली. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून सुक्यात जातात. काच जाड कागदात गुंडाळून, वर तसे लिहून, बॅटऱ्या व औषधांसह निराळी दिली जाते. याला दिवसाकाठी पाच मिनिटे पुरतात.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो, ते खडूचा शेवटचा तुकडाही जपून वापरीत, हे माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. आम्ही तेव्हा त्याला काटकसर म्हणत असू. आता वाटते, तो वस्तूचा आणि ती उचलणाऱ्या हातांचा आदर होता. तो आदर आपल्या घरी उरला, तर हे स्मरण सार्थ झाले असे मी समजेन.