खटला कुणाच्या अंगणात?

भांडण गावात झालंय, समोरचा माणूस गावचा, पंच गावचे, बघेही गावचे आणि आपण तेवढे परगावचे, असं झालं की पोटात गोळा येतोच. निकाल कदाचित बरोबरही लागेल, पण मन काही निःशंक होत नाही. अमेरिकेची घडी बसवणाऱ्यांनाही नेमकी हीच शंका होती. तिच्यावर त्यांनी जो उपाय केला, त्याचा इतिहास सध्या वाचतोय. विषय वकिली आहे खरा, पण मला त्यात माणसंच जास्त दिसली, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे तालुक्याच्या कोर्टापासून सुप्रीम कोर्टापर्यंत एकच शिडी आहे. अमेरिकेत दोन आहेत. राज्यांची कोर्टं वेगळी आणि केंद्राची, म्हणजे फेडरल कोर्टं वेगळी. बरेचसे दावे दोन्हीकडे चालू शकतात आणि कुठे दाखल करायचा ते वादी ठरवतो. मग प्रतिवादीने काय करायचं? १७८९ सालच्या न्यायव्यवस्थेच्या कायद्यात, त्याच्या १२व्या कलमात, याचं उत्तर आहे. परक्या राज्यातल्या किंवा परदेशी माणसावर स्थानिक कोर्टात दावा लागला आणि रक्कम ५०० डॉलर्सच्या वर असली, तर तो सुरुवातीलाच अर्ज करून दावा फेडरल कोर्टात नेऊ शकतो. याला तिकडे 'रिमूव्हल' म्हणतात. आपल्या कोर्टाच्या भाषेत सांगायचं तर खटला वर्ग करून घेणं. गंमत म्हणजे यात राज्याच्या कोर्टाची मर्जी चालत नाही. अटी पुऱ्या झाल्या की त्याने हात आवरता घ्यायचा.

पुढे हे दार आणखी रुंद झालं. साउथ कॅरोलिनाने केंद्राचं आयातशुल्क आपल्या हद्दीत मानणार नाही असं जाहीर केलं, तेव्हा १८३३ साली शुल्क वसूल करणाऱ्या अधिकाऱ्यांना हा हक्क मिळाला. यादवी युद्ध संपल्यावर, १८६६ साली, तो गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांपर्यंत पोचला. राज्याच्या कोर्टात समान हक्क मिळत नसेल, तर खटला फेडरल कोर्टात न्या, असं कायदाच सांगू लागला. कागदावर किती सुंदर, नाही का?

आता १ मार्च १८८० या तारखेकडे या. सुप्रीम कोर्टाने त्या दिवशी दिलेले दोन निकाल मी एकापाठोपाठ एक वाचले आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो.

पहिला टेलर स्ट्रॉडरचा. हा वेस्ट व्हर्जिनियातला, पूर्वी गुलाम असलेला कृष्णवर्णीय माणूस. आरोप पत्नीच्या खुनाचा. त्या राज्याच्या कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं की ज्यूरीत फक्त गोरे पुरुष बसतील. सुप्रीम कोर्ट म्हणालं, हा भेदभाव आहे, स्ट्रॉडरला खटला फेडरल कोर्टात नेण्याचा हक्क होता.

दुसरा व्हर्जिनियातल्या रेनॉल्ड्स नावाच्या दोन कृष्णवर्णीय भावांचा. आरोप एका गोऱ्या माणसाच्या खुनाचा. त्यांच्याही ज्यूरीत एकही कृष्णवर्णीय नव्हता. आपल्या भागात तसा कुणी कधी घेतच नाहीत, असं त्यांचं म्हणणं. अलेक्झांडर राइव्ह्ज नावाच्या फेडरल न्यायाधीशाने खटला आपल्याकडे घेतला. सुप्रीम कोर्टाने तो परत पाठवायला लावला. कारण? व्हर्जिनियाच्या कायद्यात 'गोरे' हा शब्दच नव्हता! स्थानिक अधिकारी पक्षपात करत असतील तर आधी राज्याच्याच कोर्टात दाद मागा, मग अपिलात या.

भीती तीच, ज्यूरीही तशीच गोरी. फरक फक्त एका शब्दाचा. ज्यांना भेदभाव करायचाच होता त्यांनी यातून काय धडा घेतला असेल, ते सांगायला नको. करा, पण लिहू नका.

त्याच साली टेनेसीतला आणखी एक निकाल लागला. बेकायदा दारूच्या भट्ट्या पकडायला गेलेल्या जेम्स डेव्हिस या केंद्राच्या करवसुली अधिकाऱ्याच्या गोळीने माणूस मेला होता. स्वतःचा जीव वाचवायला गोळी झाडली, असं तो म्हणत होता. राज्याने खुनाचा खटला भरला, पण त्याला फेडरल कोर्टाचं दार उघडं मिळालं. सरकारने आपल्या माणसाची काळजी घेतली, त्यात गैर काही नाही. पण रेनॉल्ड्स बंधूंची काळजी कुणी घ्यायची?

१८८७च्या कायद्याने तर फेडरल कोर्टाने खटला परत पाठवला की त्यावर अपीलही बंद केलं. नागरी हक्कांच्या खटल्यांपुरतं ते पुन्हा सुरू झालं १९६४ साली. मध्ये ७७ वर्षं गेली! आणि मग २० जून १९६६ला पुन्हा तशीच जोडी. अटलांटाच्या हॉटेलांत जेवायला गेलेल्या २० जणांना दार उघडलं, कारण १९६४च्या कायद्याने तो हक्क शब्दांत दिला होता. वंशामुळेच हाकललं एवढं त्यांनी सिद्ध करायचं होतं. मिसिसिपीत मतदार नोंदणीच्या चळवळीत पकडलेल्या २९ जणांना मात्र पाच विरुद्ध चार मतांनी नकार. पुन्हा तोच प्रश्न, लिहिलंय कुठे?

आज हे दार जास्त करून कंपन्या वापरतात. वेगळ्या राज्यांतल्या पक्षकारांसाठी ५०० डॉलर्सची मर्यादा आता ७५,००० झाली आहे आणि अर्जाला मुदत ३० दिवसांची. मोठमोठ्या सामूहिक दाव्यांसाठी २००५ साली वेगळा कायदाही आला.

आपल्याकडे एकच शिडी असली तरी ही भीती काही वेगळी नाही. २००४ साली सुप्रीम कोर्टाने बेस्ट बेकरी खटला गुजरातेतून महाराष्ट्रात आणवला आणि तो मुंबईत नव्याने चालला, तो याच भीतीपोटी.

मला वाटतं, खटला कुठे चालवायचा हा प्रश्न दिसतो तांत्रिक, पण मुळात तो विश्वासाचा आहे. परक्याला न्याय मिळणार नाही ही शंका १७८९ साली सधन व्यापाऱ्याच्या तोंडी होती, तेव्हा कायद्याला ती लगेच ऐकू आली. तीच शंका रेनॉल्ड्स बंधूंनी बोलून दाखवली, तेव्हा त्यांच्याकडे लेखी पुरावा मागितला गेला. न लिहिलेला अन्याय ओळखायला कायद्याला इतका वेळ का लागतो, हे मला अजून उलगडलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं?