मधल्या सुट्टीचा हिशेब

मुंबईच्या गिरण्यांत यंत्रे सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत अखंड चालत आणि शेजाऱ्याच्या नजरेवर आपला साचा सोपवून तेथेच भाकरी सोडणे हाच कामगाराचा शिरस्ता असे, त्या काळी विश्रांतीचा वेळ कामात धरावा की कसे, हा प्रश्न उद्भवण्यास अवकाशच नव्हता. १८८१ च्या कायद्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांस नऊ तासांची मर्यादा व तासाभराची विश्रांती दिली. प्रौढांच्या पदरी काहीच पडले नाही. १८८४ साली कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी सुमारे साडेपाच हजार सह्यांच्या अर्जाने साप्ताहिक सुटीबरोबर दुपारचा अर्धा तास मागितला, आणि तो कायद्यात उतरण्यास १८९१ साल उजाडले. अर्ध्या तासासाठी सात वर्षे! सरकारी दप्तराची चाल तेव्हाही अशीच संथ होती.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने प्रौढांसाठी दिवसाचे नऊ तास ठरविले, पाच तासांच्या आत किमान अर्धा तास विश्रांती आवश्यक केली, आणि ती धरून साऱ्या दिवसाचा विस्तार साडेदहा तासांत बांधला. अर्थात मधली सुट्टी कामाच्या तासांतून वगळली, पण त्या विस्तारात मोजली. शिकाऊ उमेदवारांसाठीच्या १९६१ च्या अधिनियमाने मात्र उमेदवारास कामगार न मानता प्रशिक्षणार्थी मानले, आणि पुढील नियमांनी त्याच्या आठवड्याच्या ४२ ते ४८ तासांत वर्गातील शिक्षणाचा वेळही धरला. तथापि जेवणाच्या सुट्टीत उमेदवारास यंत्रापाशी राखणीस बसविले, तर तो अर्धा तास, माझ्या मते, कामाचाच होय, आणि हजेरीपटात तशीच त्याची नोंद झाली पाहिजे.